‘अभंग तुकयाचे’ की ‘अभंगवाणी’? : रसिकांच्या एका तुलनेची चिकित्सा

प्रास्ताविक

तुकोबांचे अभंग लता मंगेशकरांच्या स्वरात ऐकावेत की पं. भीमसेन जोशींच्या, हा मराठी घरांतील एक जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. ‘अभंग तुकयाचे’ ही लताबाईंची ध्वनिमुद्रिका आणि ‘अभंगवाणी’ या नावाने ओळखली जाणारी भीमसेनांची ध्वनिमुद्रणे तबकडीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सी.डी.वर आणि पुढे भ्रमणध्वनीवर आली. माध्यमे बदलली, पण वादाचा मजकूर फारसा बदलला नाही. एका पक्षाला लताबाईंच्या उच्चारातील स्वच्छता व आर्तता प्रिय असते, दुसऱ्याला भीमसेनांच्या आवाजातील भारदस्त हाक. प्रत्येक पक्ष आपल्या आवडीचा अभंग पुरावा म्हणून पुढे करतो, प्रतिपक्ष दुसरा अभंग दाखवून त्याला उत्तर देतो आणि अखेरीस ‘ज्याची त्याची आवड’ या वाक्याने वाद तहकूब होतो.

वादातील आवडीनिवडीशी भांडण्याचे कारण नाही. परंतु तो ज्या मुद्द्यांवर लढवला जातो, ते मुद्दे तपासण्याजोगे आहेत. रसिकांची तुलना दोन आवाजांची असते. ती अभंगांच्या निवडीची, ध्रुवपदाच्या जागेची आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला आलेल्या कामाची झाली, तर दोन्ही संग्रहांविषयीची मते बरीच बदलतील, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विचारासाठी मावळ तालुक्याची पार्श्वभूमी घेण्यास कारण आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहू-आळंदीकडे जाते. तुकोबांच्या एकांतवासाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो भंडारा डोंगर इंदोरीजवळ, याच तालुक्यात आहे. तुकोबांचे टाळकरी आणि त्यांच्या अभंगांचे लेखक संताजी जगनाडे यांची समाधी सुदुंबरे येथे आहे. कोकणातून आळंदीच्या कार्तिकी वारीला निघणाऱ्या दिंड्या बोरघाट चढून लोणावळ्यावरूनच पुढे सरकतात. अशा परिसरात तुकोबांचा अभंग तबकडी येण्याच्या कितीतरी आधीपासून गायिला जात होता आणि तबकडी आल्यानंतरही गायिला जात राहिला. ध्वनिमुद्रणाने अभंगाचे काय केले, हे पाहण्यास याहून योग्य जागा क्वचितच सापडेल. मुंबईचे ध्वनिमुद्रणगृह आणि पुण्याची मैफल यांच्या दरम्यान हा तालुका आहे, हा योगायोगही ध्यानात घ्यावा.

दोन संग्रहांचे स्वरूप

वादात सहसा न उच्चारले जाणारे एक नाव आधी घेतले पाहिजे. ते श्रीनिवास खळे (१९२६–२०११) यांचे. ‘अभंग तुकयाचे’चे संगीत त्यांचे आहे आणि भीमसेनांनी गायिलेल्या ‘राजस सुकुमार’, ‘सावळे सुंदर’, ‘जे का रंजले’ या तुकोबांच्या अभंगांच्या चालीही त्यांच्याच आहेत. म्हणजे रसिक ज्या दोन बाजू मांडतात, त्यांच्यापैकी बराच भाग एकाच संगीतकाराच्या दोन कामांचा आहे. एकाच रचनाकाराने एकाच कवीच्या शब्दांना दोन अत्यंत भिन्न कंठांसाठी कसे बांधले, हा खरा अभ्यासविषय. तो ‘लता की भीमसेन’ या प्रश्नात दिसेनासा होतो.

दुसरी गोष्ट, हे दोन संग्रह एकाच जातीचे नाहीत. ‘अभंग तुकयाचे’ या शीर्षकात कवीचे नाव आहे. एक कवी, एक संगीतकार, एक गायिका अशी त्याची घडण आहे. ‘अभंगवाणी’ हे नाव रचनाप्रकाराचे आहे आणि तिला एकत्र बांधणारे सूत्र म्हणजे गायक. तीत तुकोबांच्या शेजारी नामदेव आहेत, एकनाथ आहेत, आणि खळ्यांच्या बरोबरीने पुणे आकाशवाणीशी दीर्घकाळ संबंध असलेले राम फाटक आहेत. अहिर भैरवाच्या अंगाने जाणारे नामदेवांचे ‘तीर्थ विठ्ठल’ आणि एकनाथांचे ‘माझे माहेर पंढरी’ या दोन्ही चाली फाटकांच्या. भीमसेनांचे अभंग म्हणून जे सर्वाधिक लोकांच्या ओठी आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक श्रेय या संगीतकाराकडे जाते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

म्हणून तुकोबांपुरती तुलना करावयाची, तर ‘तीर्थ विठ्ठल’ हा पुरावा बाद ठरतो. रसिक मात्र तो हमखास काढतात. इतकेच काय, ‘इंद्रायणी काठी’ही काढतात. हे गीत कोणा संताचे नाही. ते ग. दि. माडगूळकरांनी ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटासाठी लिहिले, पु. ल. देशपांड्यांनी त्याला चाल दिली आणि भीमसेनांनी ते गायिले. त्याची गणना अभंगांत व्हावी, हा माडगूळकरांच्या शब्दकळेचा गौरव आहे. असे पूर्वीही घडले आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे पद अनेकांनी खुद्द तुकोबांचेच मानले. ध्वनिमुद्रित माध्यमातून येणारा तुकोबा गाथेतील तुकोबात मिसळून जातो आणि कोठे सांधा आहे हे दिसत नाही. वाद घालणाऱ्यांचा गोंधळ त्यामुळे क्षम्य आहे, समीक्षकाचा नव्हे.

रूपाचे दोन अभंग

तुलनेला सर्वांत योग्य अशी जोडी दोन्ही संग्रहांत आहे. लताबाईंचा ‘सुंदर ते ध्यान’ आणि भीमसेनांचा ‘राजस सुकुमार’. दोन्ही तुकोबांचे, दोन्ही खळ्यांचे, दोन्ही विठ्ठलाच्या रूपवर्णनाचे. गाथेच्या आरंभीच ते एकमेकांजवळ येतात. वारकरी भजनात ‘रूपाचे अभंग’ म्हणून प्रारंभी जे गायिले जातात, त्यांत हे दोन्ही असतात. भजनाला उभा राहिलेला माळकरी एक संपवून दुसऱ्याकडे वळतो. यांपैकी एक निवडण्याचा प्रश्न त्याच्यापुढे कधी येत नाही. ध्वनिमुद्रणाने या जोडीची फाळणी केली आणि एकेक वाटा एकेका कंठाकडे दिला. फाळणी झाल्यावर सीमावादही सुरू झाला.

आता शब्दांकडे पाहू. ‘सुंदर ते ध्यान’मध्ये बोलणारा स्थिर आहे. तो मूर्तीसमोर उभा आहे, पाहत आहे आणि हे श्रीमुख पाहणे हेच आपले सर्व सुख, असे अखेरीस सांगतो. स्वर तृप्तीचा आहे. ‘राजस सुकुमार’ची सुरुवातही वर्णनाचीच आहे. मळवट, उटी, वैजयंती, मुकुट, कुंडले असे एकामागून एक तपशील येतात. पण शेवटच्या चरणात अभंग अनपेक्षित वळण घेतो. बोलणारी व्यक्ती भोवतीच्या सख्यांना बाजूला होण्यास सांगते, कारण आता तिला धीर धरवत नाही. ‘गे’ हे संबोधन येते आणि तोवर तटस्थ वाटणारे वर्णन एका अधीर गोपीच्या तोंडचे होते, असे कळते. आधीचे सगळे दागिने मग निराळ्या नजरेने पुन्हा पाहावे लागतात.

रसिकांच्या समजुतीप्रमाणे हळवा स्त्रीस्वर लताबाईंच्या वाट्याला आणि भव्य पुरुषस्वर भीमसेनांच्या वाट्याला. प्रत्यक्षात या जोडीत वाटणी उलटी झालेली आहे. तृप्तीचा, स्थिर दर्शनाचा अभंग लताबाईंकडे आणि गोपीभावाचा, अधीरतेचा अभंग भीमसेनांकडे. खळ्यांनी हे जाणूनबुजून केले की नाही, याची चर्चा निष्फळ आहे. परिणाम मात्र कानांना कळतो. भीमसेनांच्या आवाजातील वजनामुळे ‘राजस सुकुमार’चा शेवटचा चरण लाडिक होत नाही. त्यातील धीर सुटणे हे मोठ्या, प्रौढ माणसाचे धीर सुटणे वाटते आणि म्हणून ते अधिक खरे वाटते. गवळणी गाणाऱ्या वारकऱ्याला यात नवल नाही. पुरुषाने स्त्रीच्या तोंडचे बोल गाणे ही भजनातील आणि मराठी रंगभूमीवरीलही नित्याची गोष्ट होती. नवल वाटावे ते ‘लता म्हणजे कोमल, भीमसेन म्हणजे भव्य’ अशी आधी वर्गवारी करून मग ऐकणाऱ्या श्रोत्याला.

लताबाईंच्या ‘सुंदर ते ध्यान’चे गुण वेगळ्या ठिकाणी आहेत. चाल वळणावळणाची असूनही शब्द कोठे मोडत नाही आणि स्वर पाहण्याच्या क्रियेला सोडत नाही. मात्र तेथे एक प्रश्न उभा राहतो. तो आवाजाचा नाही, ध्रुवपदाचा आहे. गाथेच्या छापील प्रतीत या अभंगाचे ध्रुवपद म्हणून दुसरा चरण दिलेला आहे, पहिला नव्हे. पहिल्या चरणात मूर्तीचे चित्र आहे. दुसऱ्यात त्या चित्राबरोबर ‘हे रूप निरंतर आवडते’ असा बोलणाऱ्याचा कबुलीजबाब आहे. भजनात टाळकरी ज्या ठिकाणी पुनःपुन्हा परततात, ते ठिकाण आवडीचे आहे. ध्वनिमुद्रित गीत भावगीताच्या रीतीप्रमाणे पहिल्या ओळीकडे परतते, म्हणजे चित्राकडे. प्रत्येक आवर्तनाला मूर्ती दिसते, पण आवडणारा माणूस एकदाच दिसतो. हा बदल लहान नाही. ‘राजस सुकुमार’मध्ये मात्र गाथेतील ध्रुवपदही वर्णनाचेच असल्याने असा तोटा होत नाही. ‘भीमसेनांचा अभंग अधिक वारकरी वाटतो’ असे जे श्रोते म्हणतात, त्यांच्या म्हणण्याचा एक भाग आवाजाच्या पोताशी नव्हे, तर या तपशिलाशी जोडलेला असावा.

तबकडी आणि ऐकणाऱ्याची जागा

ध्रुवपदाचा मुद्दा केवळ छंदशास्त्राचा नाही. तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगात आपण प्रारंभी कीर्तनात काय करीत होतो हे सांगितले आहे. पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून शुद्ध भावाने ध्रुवपद धरणे, हे त्यांचे काम होते. म्हणजे गाथेचा कर्ता आधी साथ करणारा होता. अभंग ही एकट्याने गाण्याची आणि इतरांनी ऐकण्याची वस्तू मूळची नव्हे. एक चरण पुढे टाकतो, दहा जण तो उचलतात, लय वाढते, टाळ घट्ट होतात, पावली सुरू होते आणि किती वेळ परतायचे हे कोणी आधी ठरवलेले नसते. येथे ‘श्रोता’ असा स्वतंत्र वर्गच नाही. ज्याला गाता येत नाही त्याच्याही हातात टाळ असतो.

तबकडीने हा वर्ग निर्माण केला. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. १९४८ मध्ये अमेरिकेत आलेल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेने, म्हणजे एल.पी.ने, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक अवकाश दिला. या अवकाशाचे काय करावयाचे, याची उत्तरे जगात निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी निघाली.

एक उत्तर इंग्लंडमधील ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ संगीताचे. येस या वाद्यवृंदाच्या ‘क्लोज टू द एज’ (१९७२) या ध्वनिमुद्रिकेची संपूर्ण पहिली बाजू अठरा मिनिटांहून मोठ्या एकाच रचनेने भरलेली आहे. त्याच वर्षीच्या जेथ्रो टलच्या ‘थिक अॅज अ ब्रिक’मध्ये एकच रचना दोन्ही बाजूंवर पसरली आहे, मध्ये तबकडी उलटण्यापुरता खंड. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) मध्ये गाणी वेगवेगळी असली तरी एकातून दुसरे निघत जाते. तीन मिनिटांच्या लोकप्रिय गाण्याची चौकट मोडण्यासाठी या मंडळींना एल.पी. हवी होती. त्यांच्या चाहत्यांमध्येही असाच वाद चालतो. ‘डार्क साइड’ श्रेष्ठ की ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) की ‘अॅनिमल्स’ (१९७७)? जेनेसिसचा १९७५ पूर्वीचा, पीटर गेब्रिएल असतानाचा काळ खरा की नंतरचा? हे चाहते हट्टी असतात, पण त्यांच्या हट्टात एक शिस्त आहे. शब्द कोणाचे, रचना कोणाची, कोणत्या सदस्याच्या जाण्याने काय बदलले, गाण्यांचा क्रम असा का, एक बाजू संपून दुसरी सुरू होते तेथे काय घडते, हे सगळे त्यांच्या वादात येते. ते संपूर्ण संग्रहाविषयी बोलतात.

मराठी भक्तिसंगीताने एल.पी.चा केलेला उपयोग याच्या नेमका उलट आहे. तेथे लहान गाणे मोठे करण्यासाठी तबकडी वापरली गेली. येथे रात्रभर चालू शकणारे भजन काही मिनिटांच्या बंदिस्त गीतांत आटवण्यासाठी. एका बाजूवर निरनिराळे अभंग, प्रत्येकाला स्वतःची चाल, स्वतःचा आरंभ आणि शेवट. हा आक्षेप नाही. आटवण्यातही कला असते आणि खळ्यांच्या चाली तिचे उत्तम उदाहरण आहेत. परंतु या आटवण्यात ध्रुवपद धरणाऱ्याचे काम गेले, हे मान्य केले पाहिजे. ज्याच्या हातात टाळ होता, तो खुर्चीवर बसला. त्याला करण्यासारखे उरले ते एकच : हे बरे की ते बरे, हे ठरवणे. तुलना ही अशा प्रकारे काम गेलेल्या टाळकऱ्याची नवी नोकरी आहे. ‘लता की भीमसेन’ हा वाद तबकडीपूर्वी असंभव होता, याचे कारण ते दोघे तेव्हा नव्हते एवढेच नाही. तो घालण्यास मोकळा बसलेला माणूस फडात नव्हता.

भीमसेनांनी ही उणीव एका परीने ओळखली होती, असे त्यांच्या ‘संतवाणी’च्या मैफलींवरून म्हणता येते. तबकडीवर मापून गायिलेला अभंग ते मैफलीत मोकळा सोडत. एकेका शब्दावर थांबणे, नामाचा घोष वाढवत नेणे, श्रोत्यांनी टाळ्यांनी ठेका धरणे, हे सगळे तेथे परत येई. म्हणून ‘अभंगवाणी’ची बाजू घेणारे अनेक जण प्रत्यक्षात तबकडीची बाजू घेत नसतात. ते मैफलीची आठवण तबकडीवर आरोपित करीत असतात. ‘अभंग तुकयाचे’ला अशी दुसरी वाट नव्हती. ती जन्मापासून तबकडी आहे आणि तबकडी म्हणूनच तिचे मूल्यमापन न्याय्य ठरते. या कसोटीवर पाहता, संग्रह म्हणून ‘अभंग तुकयाचे’ श्रेष्ठ ठरतो. तिच्यात कवीचा एक विशिष्ट चेहरा सलगपणे उभा राहतो. ‘अभंगवाणी’त उभा राहतो तो गायकाचा.

निवडलेला आणि वगळलेला तुकोबा

हा चेहरा कोणता, हे निवडीवरून कळते. ‘भेटीलागी जीवा’मध्ये भेटीच्या ओढीला तुकोबा जे दाखले देतात, त्यांत दिवाळीला माहेरच्या मुळाची वाट पाहणारी लेक आहे आणि भुकेने रडणारे बाळ आहे. ‘कन्या सासुराशी’मध्ये सासरी निघालेली, वळून पाहणारी मुलगी आहे. ‘अगा करुणाकरा’ ही सरळ विनवणी आहे. लताबाईंचा तुकोबा हा माहेराकडे डोळे लावून बसलेला, अजून न भेटलेला तुकोबा आहे. भीमसेनांकडे गेलेल्या तुकोबांच्या अभंगांचे वळण निराळे. ‘जे का रंजले’मध्ये साधू कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे आणि बोलणाऱ्याला तिच्याविषयी शंका नाही. फाटकांच्या चालीतील ‘अणुरेणिया थोकडा’मध्ये अनुभव घेऊन झालेला, आकाशाएवढा झालेला तुकोबा बोलतो. म्हणजे दोन कंठांबरोबर दोन अवस्थाही वाटल्या गेल्या. साधक एकीकडे, सिद्ध दुसरीकडे. ‘जे का रंजले’ला शालेय सुभाषिताच्या निर्जीवपणातून चालीने वाचवले, हे येथे नोंदवले पाहिजे; फळ्यावर लिहिलेली ओळ ऐकताना पुन्हा कोणाचे तरी बोलणे वाटू लागते.

‘अभंग तुकयाचे’ जेथे उणी पडते ते ठिकाणही निवडीतच सापडते. ‘खेळ मांडियेला’ हा वाळवंटात नाचणाऱ्या वैष्णवांचा अभंग आहे. त्यात अभिमान गळून माणसे एकमेकांच्या पाया पडतात. त्याचा विषयच समुदाय आहे. एका कंठाने तो कितीही सुरेल गायिला तरी तो खेळाचे वर्णन होतो, खेळ होत नाही. गायिकेचा यात दोष नाही. विरहाला एक कंठ पुरतो. खेळाला पुरत नाही.

आणि दोन्ही संग्रह मिळून जो तुकोबा वगळतात, त्याचे काय? गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. त्यांत दुष्काळात बायको अन्नावाचून गेल्याचे सांगणारा दिवाळे निघालेला वाणी आहे, ढोंगी साधूंना शिवीगाळ करणारा फटकळ माणूस आहे, देवाला दिवाळखोर ठरवून त्याच्याशी उघड भांडणारा भक्त आहे. दिलीप चित्र्यांनी ‘पुन्हा तुकाराम’मध्ये (१९९०) आणि इंग्रजी अनुवादांत ज्या कवीला पुढे आणले, त्याच्या अनेक कळा या दोन संग्रहांत नाहीत. त्या गोड चालीत बसणाऱ्या नाहीत, असे उत्तर दिले जाईल. पण भजनात त्या बसतात, कीर्तनात तर बसतातच. कीर्तनकाराचा अर्धा संसार त्यांच्यावर चालतो. ध्वनिमुद्रणासाठी निवड करताना ‘पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटेल’ हा एक अलिखित निकष असतो आणि तुकोबांचे बरेच अभंग पुन्हा पुन्हा ऐकवत नाहीत. ते एकदा ऐकून विसरताही येत नाहीत. लताबाई आणि भीमसेन यांच्यात निवड करणारे रसिक या बाबतीत एकाच बाजूला आहेत, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

निवडीचा आणखी एक परिणाम मावळात विशेष जाणवतो. लताबाईंनी गायिलेला ‘वृक्षवल्ली’ हा अभंग तुकोबांच्या डोंगरावरील एकांताशी जोडला जातो. तो भंडाऱ्याचा अभंग, असेच या भागात मानले जाते. आज त्याचे पहिले शब्द वृक्षारोपणाच्या फलकांवर, रोपवाटिकांच्या भिंतींवर, शाळांच्या आवारांत दिसतात. झाडे ही सोयरी, एवढेच त्यातून घेतले जाते. अभंग तेथे थांबत नाही. आकाशाचा मांडव आणि पृथ्वीचे आसन करून बसलेल्या माणसाला हरिकथेचे भोजन आणि मनाशी संवाद एवढेच उरते, आणि शेवटी त्याचा वाद स्वतःशीच चालतो. हा पर्यावरणाचा घोष नाही. लोकांतून उठून गेलेल्या माणसाचे टिपण आहे. लताबाईंच्या गायनात हा एकांत पुरेपूर आहे. त्यांचा एकटा कंठ ‘खेळ मांडियेला’मध्ये जितका कमी पडतो, तितकाच येथे आवश्यक ठरतो. फलकावरची ओळ आणि तबकडीवरचे गाणे यांची तुलना कोणी करीत नाही. केली तर गाणे फलकाहून गाथेच्या कितीतरी जवळ आहे, असे आढळेल. भंडाऱ्याच्या माथ्यावरून आता तळेगाव-चाकण पट्ट्यातील कारखाने दिसतात, हे त्या फलकांना उद्देशून सांगण्यासारखे आहे.

माघ शुद्ध दशमीला, तुकोबांच्या गुरूपदेशाच्या दिवशी, याच डोंगरावर पारायणाचा आणि कीर्तनाचा मोठा सोहळा होतो. गाथा तेथे निवडून वाचली जात नाही. पहिल्या अभंगापासून शेवटच्या अभंगापर्यंत वाचली जाते, फटकळ अभंगांसकट. डोंगराच्या पायथ्याकडील सुदुंबऱ्यात संताजींची समाधी आहे. संताजींच्या वह्या हे तुकोबांच्या शब्दांचे पहिले ‘मुद्रण’ म्हणावयाचे, तर त्यातही निवड होतीच, कारण लिहिणाऱ्याला जेवढे मिळाले तेवढे त्याने लिहिले. विनायक लक्ष्मण भाव्यांनी त्या वह्यांवरून ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केली, तेव्हा अस्सल कोणते यावर वाद झाले. शंकर पांडुरंग पंडितांनी सरकारी साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात सिद्ध केलेली आणि १९५० मध्ये पुनर्मुद्रित झालेली गाथा निरनिराळ्या पोथ्या मेळवून बनली. चित्रपट, आकाशवाणी, तबकडी या त्यानंतरच्या निवडी. त्यांतली कोणतीही निर्दोष नाही, आणि ‘अभंग तुकयाचे’ व ‘अभंगवाणी’ या दोघींची जागा या मालिकेत आहे, नुसत्या सुगम संगीताच्या इतिहासात नव्हे.

गावोगावची भजनी मंडळे ध्वनिमुद्रित चाली उचलतात, ही गोष्ट सर्वज्ञात आहे आणि जुन्या वारकऱ्यांची तिच्याविषयी तक्रारही आहे. ‘सुंदर ते ध्यान’ खळ्यांच्या चालीवर म्हटले जाते आणि म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना ती परंपरागत चाल वाटते. पण चाल एकदा फडात उतरली, की ती तबकडीच्या मापात राहत नाही. पुढचा गायक लताबाईंची हरकत घेण्याचा प्रयत्न करून सोडून देतो, मागचे टाळकरी चरण उचलतात, पखवाजाची लय चढते, आणि जेथे ध्रुवपद धरणारे जुन्या वळणाचे असतात तेथे ते दुसरा चरण धरून बसतात. मूर्तीच्या चित्रावरून गाणे पुन्हा आवडीच्या कबुलीवर येते. त्या वेळी चाल खळ्यांची, आठवण लताबाईंची आणि आवाज बहुधा भीमसेनांचा अनुकरण केलेला असतो.